आक्षीच्या वाडीतलं मौन

बडबड्या माणसांच्या गोष्टी बोलता बोलता खर्च होतात. गप्प बसणाऱ्यांच्या मात्र साठत जातात. आम्ही तिघे महिन्यातून एकदा खास गप्प बसायला आक्षीला जायचो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दोन माणसं जमली की अजून त्याच गोष्टी निघतात.

तिघे म्हणजे आमच्या फोर्टातल्या ऑफिसचे हेडक्लार्क अण्णा वर्तक, टायपिस्ट पेडणेकर आणि मी. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. अण्णांना ब्लडप्रेशर निघालं आणि डॉक्टरांनी 'चिडणं कमी करा' म्हणून सांगितलं. ऑफिसात राहून ते शक्य नव्हतं. तेव्हा अण्णांनी योगासनांचं एक पुस्तक आणलं, आणि आक्षीला त्यांच्या द्वारकाकाकूची नारळी-पोफळीची वाडी होती तिथे शनिवार-रविवार काढायचं ठरवलं. एकट्याने जायचा कंटाळा, म्हणून आम्हांला बरोबर घेतलं. एकांताला सोबत हवी, यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. मग भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून बसने अलिबाग, पुढे आक्षी. दिवे लागले की मौन सुरू. रविवारी अकराला अण्णा देवघरातली घंटा वाजवायचे, तेव्हा ते सुटायचं. पावसाळ्यात लाँच बंद असायची, तेवढे महिने आमचं अध्यात्मही बंद.

*

पेडणेकरांचं तोंड म्हणजे त्यांच्या टाइपरायटरसारखं. ओळ संपली की घंटा वाजायची आणि पुढची ओळ सुरू. पहिल्या खेपेला अण्णांनी आम्हां दोघांना एकेक पाटी आणि एकेक पेन्सिल दिली. "अगदीच अडलं तर लिहायचं. एरवी नाही."

पेडणेकरांचं सारखंच अडत होतं. डास फार आहेत, हे त्यांनी लिहिलं. आमटी छान झाल्याचं लिहिलं. मग त्यांच्या मेव्हण्याचं लग्न मोडलं होतं, ते सविस्तर लिहिलं. पाटी भरायची, ते धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि पुढचं लिहायचे. झोपायच्या आधी पेन्सिल संपली.

सकाळी घंटा झाल्यावर ते उजवा हात चोळत म्हणाले, "अण्णा, बोलायची परवानगी आहे ते बरं. मौनात फार श्रम पडतात."

*

वाडीचं काम रामा बघायचा. एका रविवारी सकाळी तो नारळ पाडायला माडावर चढला. वर पोचल्यावर खाली बघतो तो आम्ही तिघे त्याच माडाच्या आळ्याजवळ शीर्षासनात.

"ओ सायेब, बाजूला व्हा," त्याने वरून हाक दिली.

मौन असल्यामुळे कुणी उत्तर दिलं नाही. अण्णांनी पाय तेवढे हलवले. रामाला त्यातून काही बोध झाला नाही.

"काकू," तो ओरडला, "सायेब लोक उलटे हायत. नारल पाडू का थांबू?"

काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "सरळ होईपर्यंत थांब."

"कवा सरल व्हतील?"

"ते काही सांगता येत नाही बाबा," काकू म्हणाल्या. "बाळूची तर बावन्न वर्षं वाट बघतेय."

बाळू म्हणजे अण्णा. ते सगळ्यांत आधी कोसळले. हसू दाबून शीर्षासन करता येत नाही, हे त्या पुस्तकात दिलेलं नव्हतं.

*

शवासन वाळूवर उत्तम होतं, असं अण्णांचं मत. थंडीचे दिवस होते, म्हणून आम्ही पांढऱ्या चादरी डोक्यापर्यंत ओढून किनाऱ्यावर ओळीने पडलो. सूर्य नुकता वर येत होता. तेवढ्यात मासळीच्या पाट्या घेऊन चार-पाच कोळणी तिकडून आल्या.

"अगो बाय," एक थांबली. "लाँच बुडाली का काय?"

मी डोळे उघडणार होतो, पण शेजारून अण्णांचा हात माझ्या मनगटावर आला. शवासन मोडायचं नाही.

एकीने पेडणेकरांची चादर जरा बाजूला केली. "खात्यापित्या घरचा दिसतोय गो. पोरंबाळं असतील याला." दुसरी रडायलाच लागली. पेडणेकरांच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, असं ते मागाहून म्हणाले.

कुणीतरी धावत जाऊन पोलीस पाटलांना घेऊन आलं. त्यांच्या पायांतल्या वहाणा कानाशी वाजल्यावर अण्णा उठून बसले. बायका किंचाळत मागे सरल्या. अण्णांनी शांतपणे माझ्या उशाची पाटी घेतली, त्यावर लिहिलं, 'आम्ही तिघेही जिवंत आहोत', आणि ती पाटलांपुढे धरली.

पाटलांनी ती दोनदा वाचली. "लिहून देताय ते बरंच झालं," ते म्हणाले. "खाली सही करा."

*

पुढे अण्णांनी आत्मपरीक्षण सुरू केलं. प्रत्येकाने वाडीच्या एकेका कोपऱ्यात तासभर बसायचं आणि स्वतःचे दोष वहीत लिहायचे. मी पोफळींमध्ये बसलो. 'सकाळी उठायला उशीर' एवढं लिहिलं आणि मग काही सुचेना. तास संपला तेव्हा पेडणेकरांची तीन पानं भरली होती. त्यांतलं एक त्यांचं, दोन अण्णांची.

काकू विहिरीवरून घागर घेऊन येत होत्या. मौन सुटलेलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं, "काय रे लिहीत होतात इतका वेळ?"

"आपापले दोष," अण्णा म्हणाले. "शोधायला फार कठीण जातं, काकू."

"मग बायकांना आणायचं होतंत," काकू म्हणाल्या. "पाच मिनिटांत झालं असतं."

*

पाच-सहा वर्षं हे असं चाललं. मग एका शनिवारी दिवे लावता लावता काकू म्हणाल्या, "या खेपेला मीही मौन धरणार."

"तुला जमायचं नाही," अण्णा म्हणाले.

काकू हसल्या आणि त्यांनी तोंड मिटलं.

रविवारी अकराला घंटा झाली. आम्ही बोलायला लागलो. काकूंनी भात वाढला, आमटी वाढली, पण शब्द नाही. "काकू, सुटलं मौन," अण्णा म्हणाले. काकूंनी मान हलवली आणि ताक वाढलं.

अण्णांना वाटलं, रागावली. त्यांनी कालच्या बोलण्याची माफी मागितली. मग मागच्या महिन्यात पत्र पाठवलं नव्हतं, त्याची मागितली. काही उपयोग झाला नाही. पेडणेकर रामाला विचारून आले. "माज्याशी बी बोलल्या न्हाईत," तो म्हणाला होता. आता अण्णा घाबरले. त्यांच्या ओळखीत एकाची वाचा अशीच बसल्या बसल्या गेली होती.

"काकू, जीभ दाखव बघू."

काकूंनी चांगली लांब जीभ काढून दाखवली.

बसची वेळ झाली. ती चुकली की रेवसची लाँच चुकणार होती, आणि सोमवारी ऑफिसात वरचे साहेब तपासणीला येणार होते. अण्णांना तीस वर्षांत एक लेटमार्क नव्हता. काकू वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, पोचवायला आल्या. रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू आला. अण्णांनी पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही दोघे निघा," ते म्हणाले आणि शेजारच्या दगडी गडग्यावर बसले. "काकू, बोल. काहीही बोल. तू बोलल्याशिवाय मी इथून हलत नाही."

आम्हीही गेलो नाही. बस आली, जरा थांबली, गेली.

काकू अण्णांकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"नऊ वर्षांची या घरात आले," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून 'गप्प बस' असं सगळ्यांनी सांगितलं. सासूने सांगितलं, दिरांनी सांगितलं. 'बोल' म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ऐकत होते जरा."

अण्णांनी गडग्यावर सरकून जागा केली.

"मग सांगू?"

"सांग," अण्णा म्हणाले.

काकू गडग्यावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि लग्नाच्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. ऑफिसात कुणाचं एक वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या माणसाने ऊन उतरेपर्यंत मध्ये एक शब्द टाकला नाही.

सोमवार परतण्यातच गेला, आम्ही ऑफिसात पोचलो ते मंगळवारी. मस्टरवर अण्णांच्या नावापुढे तीस वर्षांतली पहिली लाल खूण होती. साहेबांनी लेखी कारण मागितलं. अण्णांनी कागद घेतला, थोडा विचार केला आणि एकच ओळ लिहून खाली सही केली.

'काकू बोलत होती.'