जपानची वेल

गोडदेव गावात आमच्या वाटेवर राहणारा एक म्हातारा खलाशी अंगणातल्या वेलीला रोज मासे धुतलेलं पाणी घालायचा. वेल त्याने जपानहून आणलेली. तिला बोराएवढी, सालीसकट खायची गोड फळं येतात म्हणे. इथे नुसती पानं.

एकदा मी विचारलंच. मिशीवर बोट फिरवत तो म्हणाला, "मादी हाय ती. नराचं रोप बी देत व्हते तिथं, पन पिशवीत ट्रान्झिस्टर व्हता, जागाच न्हाय. नवऱ्याबिगर एकटी काय करनार?"

दारात बोंबील साफ करणारी त्याची बायको मान वर न करता म्हणाली, "माझा बी बोटीवरच व्हता. पोरं कोनी वाढवली?"

दुसऱ्या दिवशी वेलीला पाणी ती घालत होती. बोंबील तो साफ करत होता.