डेल्फियाच्या धुराड्यातला धूर

वेस्ट व्हर्जिनियाचा नंबर शेवटून पहिला लागला की ग्लेना आईला फोन करायची. दरवर्षी कुठलं तरी मासिक सगळ्या राज्यांची परीक्षा घेई आणि दरवर्षी आईचं, म्हणजे डेल्फिया कॅस्टोचं, राज्य नापास होई. कुठले रस्ते बरे, कुठे डॉक्टर जवळ, कुठली माणसं जास्त जगतात, सगळं त्यात असे. शेजारचं ओहायो राज्य काही फार हुशार विद्यार्थी नव्हता, पण पास व्हायचा, आणि ग्लेना ओहायोत राहायची.

"आई, इकडे माणसं जास्त जगतात."

"जगू देत की! जास्त जगून करतात काय, ते छापलंय का?"

डेल्फियाचं तोंड असं फटकळ. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत फुप्फुसं काळी करून गेला, भाऊ ओहायोतल्या टायरच्या कारखान्यात राबून तिथेच मेले. "ओहायो वर चढलं ते आमच्या खांद्यावर पाय देऊन," हे ती चर्चच्या पायरीवरसुद्धा ठणकावून सांगे. नळाला गढूळ पाणी येतं, रस्त्यांची चाळण झालीय, इस्पितळ डोंगरापलीकडे आहे, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण ते बोलायचा हक्क तिथे राहणाऱ्याचा, एवढंच तिचं म्हणणं.

हिवाळ्यात ती दारातल्या बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन घरात, ती बाहेर. पण त्या डोंगरघळीत एक रीत आहे. सकाळी उठलं की आधी शेजारच्या धुराड्याकडे बघायचं. डेल्फियाचं घर झाडीत बुडालेलं, खालून दिसतं ते फक्त धुराडं. त्यातून धूर निघेना म्हणून खालच्या वळणावरचा अर्व्हिल सेअर धापा टाकत वर आला आणि म्हातारी वाचली. ॲम्ब्युलन्स यायला मात्र फार वेळ लागला, आणि ग्लेनाने तेवढंच धरून ठेवलं. तिने आईला उचलून ओहायोत, कोलंबसला आपल्याकडे नेलं आणि घर विकायचा धोशा लावला.

तिथे काय कमी होतं? उबदार फ्लॅट, लिफ्ट, रस्त्यापलीकडे डॉक्टर. हाड ओहायोनेच सांधलं आणि छान सांधलं, हे डेल्फिया अजूनही कबूल करते. पण अख्ख्या हिवाळ्यात तिच्या दारावर कुणाची टकटक झाली नाही.

वसंत लागला तसं अर्व्हिलने पोस्टाने रानलसूण पाठवली. डोंगराच्या उतारावर उगवते ती, तिच्या वासाने भुतं पळतील. डेल्फियाने ती डुकराच्या चरबीत बटाट्यांबरोबर मनसोक्त परतली. थोड्याच वेळात इमारतीतली माणसं जिन्यात जमली. कुणाला वाटलं गॅस गळतोय, कुणाला वाटलं आत काहीतरी मेलंय. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अग्निशामक दल हजर! डेल्फियाने दार उघडलं, हातात झारा.

"या, या. मी मेले असते तर वासावरूनच कळलं असतं म्हणायचं तुम्हाला! आता आलाच आहात तर जेवून जा."

कुणी जेवलं नाही. ग्लेना लाजेने अर्धी झाली. रात्री मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं.

"एका म्हाताऱ्याच्या नजरेवर तुझा जीव टांगलाय, आई! उद्या त्याने बघितलंच नाही तर?"

"बघेल."

"मग लाव पैज. घरी जाऊ. एक सकाळ चूल पेटवायची नाही. दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर घर विकायचं."

"आणि आलं, तर हा विषय जन्मात काढायचा नाही."

शनिवारी संध्याकाळी दोघी घरी पोचल्या. चूल पेटली, धूर वर गेला, म्हणजे आल्याची वर्दी सगळ्या घळीला मिळाली. रविवारी सकाळी मात्र डेल्फियाने काडी ओढली नाही. दोघी कोट घालून गारठ्यात समोरासमोर बसल्या. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली, मग अंगणात उतरली. कुणी आलं नाही. डेल्फिया दाराकडे बघत राहिली. अर्व्हिल म्हातारा झालाय, आज लवकर चर्चला गेला असला तर? हे घर गेलं तर ती काय, ओहायोतली एक बंद दाराची बाई! ती भ्यायली होती, पण लेकीसमोर हनुवटी वरच ठेवून बसली.

दार धाडकन उघडलं. रविवारच्या सुटातला अर्व्हिल, टाय सुटलेला, हातात पहार.

"चूल का पेटली नाही?" त्याला श्वास पुरत नव्हता. "अंगणात गाडी दिसली, म्हटलं धुराडं तुंबून मायलेकी दोघी गुदमरल्या!"

"पोरीला परीक्षा घ्यायची होती."

"परीक्षा?" अर्व्हिलने पहार जमिनीवर आपटली. "अगं डेल्फी, चर्चमध्ये अर्ध्या प्रार्थनेत पास्टरने विचारलं, डेल्फियाचा धूर कुणी पाहिला का? कुणीच पाहिला नव्हता; मला वाटलं होतं, प्रवासाने दमून झोपल्या असाल. सगळं चर्च उठलंय! पुन्हा असली थट्टा केलीस ना, तर हीच पहार तुझ्या डोक्यात घालीन!"

तेवढ्यात खालून गावच्या अग्निशामक गाडीचा भोंगा ऐकू आला. खड्ड्यांतून खडखडत ती कशीबशी वर चढत होती आणि तिच्यामागे गाड्यांची रांग होती.

"बघ, किती उशिरा येतेय," ग्लेना म्हणाली, पण दारात जाऊन ती त्या गाड्यांकडे बघत राहिली.

"हो, उशीरच होतो आमच्याकडे," डेल्फिया म्हणाली. "आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही."

ग्लेना खाली बसली आणि तिने चुलीत काडी ओढली. मग बटाट्यांची टोपली पुढ्यात घेऊन, वर न बघताच तिने विचारलं, "किती जणांचे चिरू?"