डॅशबोर्डवरची तांबडी तार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाड्यांचं वायरिंग करणारा हद्दू उतलेब अड्ड्यावर मीमूनच्या टॅक्सीच्या बॉनेटखाली वाकलेला होता. मोरोक्कोतल्या मिदेल्त गावात जानेवारीत या वेळेला काचेवरचा बर्फ खरवडून काढावा लागतो. हद्दू हातमोजे घालत नाही. तारेचा अंदाज येत नाही, म्हणतो.

सलग दोन पहाटे मीमूनची जुनी डिझेल गाडी अड्ड्यावर सुरूच झाली नव्हती. एर्राशिदिया शहराला जाणारे सहाही उतारू उतरून मागच्या गाडीत जाऊन बसले होते. अड्ड्यावरच्या पाळ्या ठरवणारा अमीन मूलूद याने मग बजावलं, की पुन्हा असं झालं तर पहाटेची पाळी कायमची जाईल. तसं झालं तर गाडी भंगारात काढतो, असं मीमून बोलून बसला होता. हद्दूने आपल्या हाताने वायरिंग केलेल्या गाड्यांपैकी अड्ड्यावर ही एकच उरली आहे.

"बॅटरी नवी टाकली मआल्लेम, कालच," मीमून म्हणाला. कसबी उस्तादाला इथे मआल्लेमच म्हणतात.

"बॅटरीने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"मग काय झालंय हिला? जुन्या अड्ड्यावर तर रोज सुरू व्हायची."

"सुरू व्हायची का गडगडायची?"

जुना अड्डा उतारावर होता. पाळी आली की ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि गिअर टाकायचा, हीच तिथली रीत. गेल्या महिन्यात अड्डा सपाट मैदानावर हलला. उताराने इतकी वर्षं झाकलेलं सगळं तिथे उघडं पडलं.

हद्दू खाणीत वायरमन होता. शिशाची खाण बंद पडल्यावर त्याने उताराच्या तोंडाशीच गाळा घेतला. तेव्हा रांगेत सगळ्या याच गाड्या. थंडीत इंजिन तापवणारे चार हीटर प्लग एकाच माळेत जोडलेले, आणि त्याच माळेतली तारेची एक बारीक गुंडाळी डॅशबोर्डवर. खटका ओढला की ती हळूहळू तांबडी व्हायची. अंधारात ओळीने उभ्या गाड्यांतून ते तांबडे ठिपके दिसायचे आणि ठिपका लाल होईतो कोणी बोलायचं नाही. चालकांना उताराची सवय लागली ती नंतर, खटका धरून बसायचा कंटाळा आला तेव्हा.

आज मीमूनने खटका ओढला. गुंडाळी काळीच राहिली.

"म्हणजे माळ कुठेतरी तुटली आहे," हद्दू म्हणाला. त्याने तांब्याच्या जाड तारेचा तुकडा घेतला आणि पहिल्या प्लगच्या दोन टोकांवर टेकवला. काही नाही. दुसऱ्यावरही नाही. चौथ्यावर टेकवताच मीमून आतून ओरडला, "लाल झाली." हद्दूने तार लगेच उचलली. जास्त वेळ धरली तर उरलेले प्लग जळतात.

"चौथा मेला. पण तिसरा का सोडलात, मआल्लेम?" मीमूनने खिडकीतून डोकावून विचारलं.

"तिसऱ्यावर कोणीतरी आधीच तार बांधून ठेवली आहे. काजळीखाली. कोणी रे?"

मीमूनने टोपी मागे सारली. "रिश गावात. मेहुण्याच्या लग्नाहून येताना. तुम्हीच ती युक्ती सांगितली होती ना."

"घरी पोचेपर्यंत म्हणून सांगितली होती. लग्न कधी झालं?"

"त्याचा थोरला मुलगा आता मिलिटरीत आहे."

"छान. म्हणजे तेव्हापासून चौघांचं ओझं तिघे वाहतायत."

या जातीचे प्लग आता मिळत नाहीत. हद्दूच्या डब्यात एक निघाला, हवे होते दोन. दुसरा मार्ग होता, नव्या जातीचे चार. त्यांना प्रत्येकाला स्वतंत्र वीज लागते. एक गेला तरी तिघे गाडी उठवतात. मात्र डॅशबोर्डवरची गुंडाळी काढावी लागते.

हद्दूने डब्यातला तो एक प्लग पुन्हापुन्हा उलटसुलट करून पाहिला. मीमूनने शिबाचा कडू पाला घातलेला चहा आणला, तो निवला.

"तुम्हाला गुंडाळी काढायची नसेल तर राहू द्या," मीमून म्हणाला. "विकून टाकतो."

"तू गप्प बस," हद्दू म्हणाला आणि पाना उचलला.

त्याने जुने प्लग काढले, नवे बसवले, जाड तार ओढली. शेवटच्या प्लगची बॉडीला गेलेली जोडणी आठवणीने कापली. ती राहिली असती तर सरळ शॉर्ट झाला असता. गुंडाळी काढून त्या भोकात त्याने रबरी बूच ठोकलं.

"आता तापलं हे कळणार कसं?"

"मोजायचं. येतं ना मोजता?"

"सहापर्यंत येतं. उतारू तेवढेच असतात."

"मग चारदा मोज."

मीमून ओठ हलवत मोजत राहिला. मोजून झाल्यावर चावी फिरवली. इंजिन दोनदा अडखळलं, पांढरा धूर सोडला आणि सुरू झालं. अमीन मूलूद समोरच्या हॉटेलातून ऐकत होता. तो बाहेर आला, बॉनेटवर हात ठेवून पाहिला. थंडगार होतं.

"घरंगळवली नाहीत ना?"

"सपाटावर कुठे घरंगळणार, भाऊ," हद्दू म्हणाला. भोकातून निघालेली गुंडाळी त्याने खिशात टाकली होती.

उद्या शुक्रवार. एर्राशिदियाची पहिली टॅक्सी पहाटे पाच वाजता सुटते. पाळी मीमूनची आहे.