शनिवारची जिलेबी

मस्तगडात काळं कुत्रं पाळणं म्हणजे अख्ख्या गल्लीची साडेसाती दारात बांधून घेणं. ज्याच्या पत्रिकेत शनी वाकडा, तो शनिवारी आमच्या फाटकाशी हजर. कुणी दुधात कुस्करलेली पोळी आणायचं, कुणी गुळाचा शिरा. समोरच्या काकू तर न चुकता जिलेबीचा पुडा घेऊन यायच्या. त्यांच्या मुलाला नोकरी लागत नव्हती आणि ज्योतिष्यानं सांगितलं होतं, काळ्या कुत्र्याला गोड घाला. गल्लीत काळा एवढा आमचाच.

मग त्याचं खाणं सुटलं. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा, मान वाकडी करायचा आणि टाकून द्यायचा. तोंडाला असा वास की जवळ बसवेना. गाई-म्हशींच्या रांगेत उभं राहून मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ओठ वर करून दाढांवर चढलेलं पिवळं कीटण दाखवलं. मऊ, चिकट खाणं हिरड्यांशी साचतं आणि त्या आतून सडतात, म्हणाले. मागच्या दाढा काढाव्याच लागल्या. उरलेल्या वाचवायच्या तर गोड बिलकुल बंद, चावून खावं लागेल असं द्या आणि रोज ब्रश करा, असं त्यांनी बजावलं.

मी फाटकाला कुलूप घातलं. ओट्यावर बसून त्याचे दात घासायला लागले तेव्हा गल्ली हसली. आता चूळ भरायलाही शिकव, असं एकानं सुचवलं. हसू दे. ठणका त्याला लागला होता, हसणाऱ्यांना नाही.

शनिवारी काकू आल्याच. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या पुण्याच्या आड येऊ नये, पाप लागतं. माझं डोकं फिरलं. मी त्याचा ओठ वर करून रिकामी हिरडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पदर नाकाला लावला. मग हळूच बोलल्या.

"मंग माझ्या पोराचं कसं व्हायचं? आत्ता कुठं एका ठिकाणी बोलावलंय त्याला."

वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण जिलेबी बघून शेपूट हलवणारं ते येडं माझ्या पायाशी होतं, आणि त्याच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काकू, याच्या तोंडात आता गोडाचा कण जाऊ द्यायची न्हाई मी," मी म्हटलं. "शनीला सांगा, तुमच्या पोराची जी काय पीडा राह्यली असंल, ती माझ्या मागं लाव."