दत्तारामाचं गाऱ्हाणं

डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची रांग लागली की तासन्‌तास हलायची नाही. मग चहा, पातळभाजी-पाव आणि किस्से! आम्हा ड्रायव्हरांचे किस्से म्हणजे तिथली तांबडी धूळ, कितीही झाडा, उद्या तेवढेच. त्यातले निम्मे आमच्या दत्तारामाचे. हा सावंतवाडीकडचा, बोलताना अडखळणारा, आणि आमच्यात सगळ्यात गोड माणूस.

*

राज्य नवं नवं झालेलं, कोकणी-मराठीचा वाद नुकताच निवलेला. नाक्यावर पोलिसाने नाव विचारलं. झालं! स्वतःचं नाव म्हणजे दत्तारामाचा सगळ्यात अवघड घाट. "द... द..."

"कोकणीत सांग, मराठीत सांग, पण सांग मरे!"

हा प्यालाय असं समजून पोलिसाने त्याला रेघेवरून चालायला लावलं. दत्ताराम सरळ गेला, सरळ परत आला. "प-पाय नाही अडखळत माझे!"

*

अडखळण्यावरची औषधं तर विचारूच नका! माझ्या मावशीने हरमलहून पोपटाने चोच मारलेला पेरू पाठवला, तो खाल्ला की जीभ सुटते म्हणे. दत्तारामाने भक्तिभावाने खाल्ला.

"गुण आला काय रे?"

"ग-गोड होता. अ-आणखी आहेत?"

*

एकदा कुणीतरी म्हणालं, याला अपंगाचा दाखला मिळायला हवा. लगेच दोन तट!

"अपंग? अरे, भरलेला ट्रक रिव्हर्समध्ये नदीच्या धक्क्यापर्यंत नेतो तो!"

"आणि फोन वाजला की पळतो, ते?"

त्यालाच विचारावं हे कुणाला सुचलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "माझं म-मी बघीन. तुम्ही माझी वाक्यं प-पुरी करता ना, त्या रोगाला द-दाखला मिळतो काय बघा!"

*

मग त्याने स्वतःचा ट्रक घेतला. आमच्यात नव्या ट्रकापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला साकडं घालतो, तो थांबला की बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. हे काम नेहमी म्हाताऱ्या भिकाजीआबांचं. पण दत्ताराम अडून बसला, "म-मीच घालणार!"

त्याची बायको, सुलूवहिनी, घाबरली. चार लोकांत हसं झालं तर हा पुन्हा तोंड उघडायचा नाही, हे ती जाणून होती.

"बा देवा म्हाराजा, हो तुझो सेवक द... द..."

तो थांबला आणि आम्ही सवयीने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

पुन्हा "द...", पुन्हा आम्ही "व्हय म्हाराजा!"

"गप रवा रे!" आबा कडाडले.

कापूर विझला. आबांनी दुसरा लावला. नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, पण कुणी पुरवलं नाही.

"...द-दत्ताराम नवो ट्रक घेवन इलो असा, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

आता आम्ही ओरडायचं. पण आम्ही सगळे आबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी मागून सुलूवहिनीच खणखणीत ओरडली, "व्हय म्हाराजा!"