जेवल्यावर जाऊबाई मला विसरायच्या

लग्न होऊन मी धुळ्याकडून सुरतेला, भेस्तानला आले, ते नव्वदनंतरचे दिवस होते. नवरा आणि मोठे दीर लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला जायचे. घरी सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. मला गुजराती बोलायला जाऊबाईंनीच शिकवलं.

एका दुपारी आम्ही दोघी साड्यांना टिकल्या लावत बसलो होतो. जेवून बराच वेळ झाला होता. त्यांचे हात थांबले, कपाळ घामानं ओलं झालं. माझ्याकडे बघत त्यांनी शांतपणे विचारलं, "तू कोन शे व?"

थट्टा असेल म्हणून मी हसले. पण त्या डोळ्यांत ओळखच नव्हती. सासूबाईंनी गोड चहा पाजला, तशा त्या हळूहळू परत आल्या. मधलं काहीच त्यांना आठवत नव्हतं.

मग हे वरचेवर व्हायला लागलं, आणि दर वेळी जेवल्यावर दोन-तीन तासांनी. कडक उपासाच्या दिवशी मात्र काही नाही. सासूबाई म्हणाल्या, जे येतं ते अन्नावर येतं. भगताचा अंगारा लावून झाला. जाऊबाई भरल्या ताटाला भिऊ लागल्या.

एकदा त्यांची शुद्धच गेली, तेव्हा दिरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साखर पार उतरली होती. डॉक्टरांनी रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. पुढे त्यांनी समजावलं, की स्वादुपिंडाच्या पेशींत इन्सुलिन आधी लांब, कच्च्या रूपात तयार होतं. एक एन्झाइम ते कापतं, मगच ते कामाचं होतं. जाऊबाईंचं ते एन्झाइम जन्मापासूनच अधू होतं. न कापलेला माल तसाच रक्तात उतरायचा, मंद काम करायचा आणि लवकर जायचा नाही. म्हणून जेवल्यावर साखर आधी चढायची आणि नंतर नको तेवढी पडायची.

जाऊबाईंनी एवढंच विचारलं, "मंग तवय मी कोठे ऱ्हास?"

त्या वेळी मी कुठे असते, असं त्या विचारत होत्या. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून खाण्याचं पथ्य लिहून दिलं.

थोडं थोडं, पण वरचेवर खायचं, गोड टाळायचं, असं सुरू झालं आणि झटके जवळजवळ थांबले. काही वर्षांनी त्याच दोषातून मधुमेह आला. गोळ्या त्यांनी कुरकुर न करता घेतल्या.

मधे एकदाच तसं झालं, बसमध्ये. खिडकीपाशी बसलेल्या जाऊबाई माझ्याकडे वळल्या, परक्या बाईकडे बघून हसावं तशा हसल्या, आणि मला नीट बसता यावं म्हणून जरा सरकल्या.