आठ हजार ऐंशीचा दरवाजा

आमचा सी मुन्सिफ, म्हणजे आपल्याकडचे मुन्सिफराव, हट्टी माणूस. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात एका कारखान्यात जन्मभर सर्व्हर सांभाळले आणि निवृत्त झाल्यावर घरातही एक मांडला. बायको सलवा गेल्यावर त्या घरात आवाज करणारं तेवढंच उरलं.

मुलगी इब्तिसाम माँट्रियलला. कागदपत्रं अडकली, आईच्या मातीला तिला येता आलं नाही. चाळिसाव्या दिवशीच्या विधीला तरी तिने आईचा आवाज ऐकावा, म्हणून मुन्सिफने घरात रेकॉर्ड केलेल्या सलवाच्या सगळ्या क्लिपा सर्व्हरवर चढवल्या. स्वतः एकही ऐकली नाही. त्याची छातीच होत नव्हती.

इंटरनेट कंपनी नेहमीचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचा नेहमीचा दरवाजा, घरगुती गिऱ्हाइकांना उघडू देत नाही. मुन्सिफने बाहेरून येणाऱ्यांसाठी ८०८० क्रमांकाचा दरवाजा केला आणि तो आकडा घातलेला पत्ता मुलीला पाठवला.

चाळिसाव्याला आम्ही शेजारीपाजारी त्याच्याकडे मासळीचा कुस्कुस जेवून उठतोय तोच इब्तिसामचा फोन आला. पहिलं पान उघडतं, पण 'आई'वर बोट ठेवलं की काहीच नाही. मुन्सिफने आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर सगळं झक्क चालत होतं.

"इथे उघडतंय. तुलाच ऐकायचं नसेल तर तसं सांग."

तिने फोन ठेवला. त्यानंतर बापलेकीचं बोलणंच बंद झालं. पोरगी आईला विसरली, असं तो येईल त्याला सांगायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

एकदा कॅफेत बसल्या बसल्या मी त्याने आम्हालाही पाठवलेला तो पत्ता माझ्या मोबाइलवर उघडला. 'आई'वर बोट ठेवलं आणि पत्त्यातला ८०८० गायब. तसाच उठून गेलो आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला.

आकडा गेलेला पत्ता पाहिला आणि चूक त्याच्या ध्यानात आली. पुढच्या पानावर धाडताना सर्व्हर स्वतःचा पत्ता स्वतःच लिहितो. घराच्या आत त्याचा दरवाजा नेहमीचाच, त्यामुळे बाहेर लोक ८०८० वरून येतात हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. मुन्सिफ गडी घरात बसून तपासत होता, तिथे त्या आकड्याची गरजच पडत नव्हती. मुलगी मात्र दर वेळी बंद दारावर जात होती.

त्याने सर्व्हरला आकड्यासकट पत्ता लिहायला लावलं आणि फोन लावला. माफी मागणं त्याला जमत नाही. "आता बघ," एवढंच म्हणाला.

पलीकडे तिने एकामागून एक क्लिपा लावल्या. मग इब्तिसाम म्हणाली, "बाबा, प्रत्येक क्लिपमध्ये आई तुम्हाला एकच विचारतेय, पोरीला फोन केलास का? आणि मागून तुमचा आवाज येतो, उद्या करतो."